खळगा निर्जंतुक केल्यावर बाँडची पकड का कमी होते?

निरगुडी (धागाकर्ती)

नमस्कार. मी दंतवैद्य आहे आणि कंपोझिटच्या (दाताच्या रंगाच्या रेझीनच्या) भरण्या हे माझे रोजचे काम आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्याच हातच्या तीन भरण्या मुळापासून निसटून आल्या. त्या तिन्ही दातांत एक गोष्ट समान निघाली, म्हणून हा धागा काढत आहे.

तिन्ही दातांचे रूट कॅनल झाले होते. कॅनल भरून झाल्यावर त्याच बैठकीत मी पल्प चेंबर (दाताच्या मधली नसेची पोकळी) हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने पुन्हा एकदा धुतले, पाणी मारले, एचिंग केले (आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत केला), बाँड (चिकटवणारे रेझीन) लावला आणि कंपोझिटचा गाभा बांधला. निसटलेला गाभा भिंगाखाली धरून पाहिला, तेव्हा त्याच्या तळाला डेंटीनचा (दाताच्या आतल्या थराचा) कणही चिकटलेला नव्हता. तळ काचेसारखा गुळगुळीत होता आणि दाताच्या आतली भिंतही तितकीच कोरी होती. कंपोझिट तुटले नव्हते, दातही तुटला नव्हता. त्या दोहोंमधली पकड सुटली होती. ओलावा राहिला असेल, बाँड घट्ट करणारा लाइट कमी पडला असेल, या शंका मी तपासून बाजूला ठेवल्या आहेत. उरते ते शेवटचे हायपोक्लोराइट.

बाँडिंगपूर्वी वापरलेले जंतुनाशक पकड कमी करते का, करत असल्यास कोणते आणि का, आणि मग जंतुनाशक वापरायचेच नाही का, या प्रश्नांवर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. क्लोरहेक्झिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाविषयी तर मी परस्परविरुद्ध दोन्ही मते ऐकली आहेत: एक म्हणते की ते बाँडचे आयुष्य वाढवते आणि दुसरे म्हणते की ते बाँड बिघडवते.

कातळ

मी दंतसाहित्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येणार नाही, कारण ‘जंतुनाशक’ या एका शब्दाखाली आपण रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळे पदार्थ एकत्र बांधतो. पण आधी पकड म्हणजे काय ते पाहू, कारण जंतुनाशक कोठे आडवे येते ते त्यावरूनच कळते.

इनॅमलचे (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचे) काम तुलनेने सोपे आहे. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर रेझीन धरून राहते हे दाखवले, आणि आजही इनॅमलवर आपण तेच करतो. डेंटीन मात्र जिवंत, ओलसर आणि प्रथिनांनी भरलेले असते. वजनाने पाहिले तर सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग आणि १० टक्के पाणी असते, आणि त्या सेंद्रिय भागात बहुतांश पहिल्या प्रकारचे कोलॅजन असते. ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ सेकंद ठेवले की वरच्या काही मायक्रॉनमधले खनिज निघून जाते आणि कोलॅजनचे तंतू पाण्यात तरंगत राहतात. त्या तंतूंच्या जाळीत रेझीन शिरून घट्ट होते. १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी वर्णिलेला हायब्रीड लेयर तो हाच. म्हणजे डेंटीनवरची पकड तीन गोष्टींवर उभी आहे: जाळी शाबूत आणि फुललेली असणे, तिच्यात रेझीन पूर्ण उतरणे, आणि उतरलेले रेझीन नीट पॉलिमराइज होणे (रेणूंच्या साखळ्या जुळून घट्ट होणे).

आता हायपोक्लोराइट घ्या. ते यांपैकी दोन गोष्टींवर घाव घालते. ते प्रथिने विरघळवते; रूट कॅनलमध्ये आपण त्याचा वापर करतो तो याच गुणासाठी. त्यामुळे ज्या कोलॅजनवर बाँड उभा राहायचा, तेच ते खाऊन टाकते. दुसरा घाव अधिक घातक आहे. हायपोक्लोराइट हे जोरदार ऑक्सिडायझर असल्यामुळे डेंटीनमध्ये त्याचे अवशेष आणि ऑक्सिजन मागे राहतो. ऑक्सिजन मुक्त मूलकांना (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील रेणूंना) पकडतो, आणि मेथॅक्रिलेट रेझीनचे पॉलिमरायझेशन तर मुक्त मूलकांच्या साखळीवरच चालते. परिणाम असा की बाँड लावला, लाइट पूर्ण वेळ दिला, तरी डेंटीनला टेकलेला अगदी खालचा थर अर्धकच्चाच राहतो. तुम्ही पाहिलेला काचेसारखा कोरा तळ या कारणाशी तंतोतंत जुळतो.

पाण्याने धुऊन हे अवशेष पुरते जात नाहीत, कारण ते पृष्ठभागावर नसून डेंटीनच्या नलिकांत आणि सच्छिद्र भागात मुरलेले असतात. पल्पच्या जवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ हजार किंवा त्याहून अधिक नलिका असतात. पल्प चेंबरचा तळ म्हणजे या दृष्टीने स्पंजच आहे.

शांतवन

कातळ यांच्या विवेचनाला रूट कॅनलच्या बाजूने थोडी भर घालतो. निरगुडीताई, हायपोक्लोराइट सोडता येणार नाही हे आपण दोघेही जाणतो. कॅनलमध्ये त्याच्या तोडीचे दुसरे द्रावण नाही. प्रश्न फक्त शेवटी काय वापरायचे याचा आहे. १७ टक्के इडीटीए (खनिज विरघळवणारे द्रावण) वापरून स्मिअर लेयर (कोरताना भिंतीवर बसलेला भुग्याचा थर) काढल्यानंतर पुन्हा हायपोक्लोराइट मारले, तर उघडे पडलेले कोलॅजन त्याच्या थेट तडाख्यात येते आणि डेंटीनची झीजही होते.

एक सावधगिरीची सूचना. हायपोक्लोराइट निघावे म्हणून काही जण त्यावर लगेच क्लोरहेक्झिडीन मारतात. तसे कृपया करू नये. दोन्ही एकत्र आले की नारिंगी-तपकिरी साका तयार होतो, तो नलिकांची तोंडे बुजवतो आणि दाताला रंगही चढवतो. इडीटीएबरोबर क्लोरहेक्झिडीनचा पांढरा साका होतो. मध्ये सलाइनने भरपूर धुणे आणि पेपर पॉइंटने टिपून घेणे अपरिहार्य आहे.

रानजाई

मी पदवी पूर्ण करून नुकतीच काम सुरू केले आहे. हायपोक्लोराइटचा परिणाम उलटवता येतो असे वाचले होते. ते खरोखर शक्य आहे का?

कातळ

होय, प्रयोगशाळेत तरी निश्चित. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन कामांत, हायपोक्लोराइटने ऑक्सिडाइज झालेल्या डेंटीनवर सोडियम अॅस्कॉर्बेट लावल्यास कमी झालेली पकड पुन्हा वर येते, असे दिसले. अॅस्कॉर्बेट हे क-जीवनसत्त्वाचे सोडियम क्षार आहे. ते रिड्यूसिंग एजंट असल्यामुळे मागे राहिलेला ऑक्सिडायझर निष्प्रभ करते. साधे अॅस्कॉर्बिक आम्लही हे काम करते, पण ते आम्लधर्मी असल्यामुळे स्वतःच डेंटीनवर परिणाम करते. अॅस्कॉर्बेट जवळपास उदासीन असते. बहुधा १० टक्के द्रावण वापरले जाते. वेळ मात्र एका मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत वेगवेगळी वापरली गेली आहे, आणि हीच व्यवहारातली अडचण आहे. शिवाय हे द्रावण हवेत टिकत नाही. करून ठेवले की पिवळे पडते, आणि पिवळे पडलेले द्रावण म्हणजे आधीच खर्ची पडलेले अॅस्कॉर्बेट. त्याचा उपयोग नाही. दर वेळी ताजे करावे लागते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हायपोक्लोराइटने प्रत्येक बाँड सारखाच बिघडत नाही. अॅसिटोन हे द्रावक असलेल्या काही जुन्या बाँडची पकड एचिंगनंतरच्या हायपोक्लोराइटने घटली नाही, उलट काही प्रयोगांत वाढली. कोलॅजन निघून गेल्यावर उरलेल्या सच्छिद्र खनिजात ते रेझीन थेट शिरत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून एका बाँडवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादता येत नाही, हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

इनॅमलवर चित्र आणखी वेगळे आहे. एचिंगपूर्वी सुमारे ५ टक्के हायपोक्लोराइट मिनिटभर लावल्यास पृष्ठभागावरचे प्रथिनांचे आवरण निघते आणि एचिंगची नक्षी अधिक ठळक व सलग उमटते. त्यानंतर आम्ल लावून धुतले जात असल्यामुळे अवशेषांचा प्रश्नही कमी राहतो.

वाटसरू

मी दंतवैद्य नाही, रुग्ण आहे. तुमची चर्चा मन लावून वाचत आहे. भरणीखाली जंतू राहिले तर दात पुन्हा किडेल, अशी भीती आम्हाला वाटते. मग जंतुनाशक लावणे हे चांगलेच नाही का?

निरगुडी (धागाकर्ती)

वाटसरू, तुमची भीती स्वाभाविक आहे आणि आम्हा डॉक्टरांच्या मनातही ती असते. पण येथे एक जुना आणि महत्त्वाचा दाखला आहे. मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दातांतील कीड मुद्दाम न काढता वर घट्ट बसणारी भरणी आणि सीलंट केले, आणि १० वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. कडा सीलबंद राहिल्या तेथे आतली कीड पुढे सरकली नाही. जंतूंना बाहेरून अन्न मिळेनासे झाले की ते निष्क्रिय होतात. म्हणजे तुमच्या दाताचे खरे संरक्षण भरणीच्या घट्ट कडांत आहे. जंतू मारण्याच्या नादात त्या कडांची पकडच सैल झाली, तर तोंडातले नवे जंतू आणि साखर आत जायला वाट मिळते, आणि ज्यासाठी जंतुनाशक लावले तोच हेतू पराभूत होतो. मला या विषयाची तळमळ वाटते ती यामुळेच.

याचा अर्थ जंतुनाशक नकोच असा नाही. पकड न बिघडवता ते वापरता येत असेल तर अवश्य वापरावे. आता कृपया क्लोरहेक्झिडीनवर कोणी लिहावे.

कातळ

क्लोरहेक्झिडीनबद्दलची दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हा गुंता समजून घेण्यासारखा आहे.

डेंटीनमध्ये घडणीच्या काळापासून काही एन्झाइम अडकून राहिलेले असतात. त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणतात. सोयीसाठी एमएमपी म्हणू. आम्लाने खनिज निघाले की हे एन्झाइम उघडे पडतात आणि जागे होतात. रेझीन कोलॅजनच्या जाळीत तळापर्यंत पोहोचले नाही, तर हायब्रीड लेयरच्या तळाशी उघडे कोलॅजन राहते, आणि पाण्याच्या साथीने हे एन्झाइम ते हळूहळू कुरतडतात. बाहेरचा एकही जंतू नसला तरी हे घडते. २००४ मध्ये पॅशली आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले, आणि बाँड कालांतराने का सैल होतो याचे एक कोडे उलगडले.

क्लोरहेक्झिडीन एमएमपी-२, ८ आणि ९ यांना रोखते, हे त्याआधी १९९९ मध्येच सिद्ध झाले होते. एन्झाइमला लागणारे कॅल्शियम आणि जस्त ते बांधून ठेवते, असे मानले जाते. म्हणून एचिंग करून धुतल्यावर, प्रायमरपूर्वी (बाँडआधीच्या लेपापूर्वी), ओल्या डेंटीनवर २ टक्के क्लोरहेक्झिडीन ३० ते ६० सेकंद लावून, न धुता फक्त टिपून घेण्याची पद्धत आली. अशा नमुन्यांची पहिल्या दिवशीची पकड नेहमीसारखीच असते, पण सहा महिने किंवा वर्षभर पाण्यात ठेवल्यावर साध्या नमुन्यांची पकड जितकी घसरते तितकी यांची घसरत नाही. ०.२ टक्के द्रावणानेही असा परिणाम मिळाल्याचे दिसले आहे.

आता दुसरी बाजू. सेल्फ-एच (स्वतःच एचिंग करणाऱ्या) बाँडमध्ये धुण्याची पायरीच नसते. स्मिअर लेयर जागीच राहतो आणि बाँड त्यातूनच आत शिरतो. अशा पृष्ठभागावर आधी क्लोरहेक्झिडीन लावले, तर ते स्मिअर लेयरमध्ये आणि खनिजाला चिकटून तेथेच राहते. त्याचा रेणू धनभारित असतो आणि दाताच्या खनिजाला, म्हणजे हायड्रॉक्सीअॅपेटाइटला घट्ट धरतो; हाच त्याचा दीर्घकाळ टिकण्याचा गुण. पण १०-एमडीपी हा रेणू असलेले बाँड आपली रासायनिक पकड मिळवतात ती त्याच खनिजातल्या कॅल्शियमशी क्षार करून. ती जागा आधीच दुसऱ्याने बळकावली असेल, तर एमडीपीने बसायचे कोठे? म्हणून सेल्फ-एचपूर्वी लावलेल्या क्लोरहेक्झिडीनने काही प्रयोगांत पकड कमी झाल्याचे आढळते, तर काहींत फरक पडत नाही. बाँडच्या घटकांनुसार निकाल बदलतो.

आणि एचिंगपूर्वी लावले तर? आम्ल आणि त्यानंतरचे पाणी ते बरेचसे घेऊन जाते. पकड सहसा बिघडत नाही. जंतुनाशनाचे काम होते.

शांतवन

कातळ यांनी मांडलेल्या सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या आकड्यांवर मला क्लिनिकच्या बाजूने एक मर्यादा नोंदवायची आहे. हिरडीलगतच्या, कीड नसलेल्या खळग्यांवर रुग्णांमध्ये झालेल्या बहुतेक चाचण्यांत क्लोरहेक्झिडीन वापरलेल्या आणि न वापरलेल्या भरण्यांच्या टिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. क्लोरहेक्झिडीन पाण्यात विरघळते आणि हळूहळू झिरपून निघून जाते. शिवाय त्या खळग्यांतील डेंटीन बहुधा कडक झालेले असते, तेथे आम्लही नीट शिरत नाही. प्रयोगशाळेतला फायदा रुग्णाच्या तोंडात तसाच दिसेल, असे मी कोणाला सांगणार नाही.

कातळ

पूर्ण मान्य. माझ्या क्षेत्राबद्दल मीच कठोरपणे बोलले पाहिजे.

आपल्याकडे पकड मेगापास्कलमध्ये मोजतात आणि आकडा मोठा दिसला की समाधान मानतात. पण तो आकडा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. शिअर चाचणीत (जोड बाजूने ढकलून तोडण्याच्या) मोठा पृष्ठभाग असतो. १९९४ मध्ये सानो यांनी आणलेल्या मायक्रोटेन्साइल चाचणीत जेमतेम एक चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या ओढून तोडतात. छेद जितका लहान तितके त्यात दोष कमी, म्हणून आकडा मोठा. एका पद्धतीचे २५ आणि दुसरीचे ४५ यांची तुलना करणे निरर्थक आहे.

या काड्या कापताना मी तासन्‌तास बसलो आहे. हिऱ्याची पातळ चकती पाण्याखाली संथ फिरत असते आणि मध्येच एखादी काडी जोडावरच सुटून तळाच्या पाण्यात पडते. चाचणीयंत्रावर जाण्याआधीच ती गेली. तिची किंमत शून्य धरायची की ती मोजणीतून वगळायची? वगळली तर कमकुवत गटाची सरासरी आपोआप सुधारते. हायपोक्लोराइटच्या गटात अशा काड्या अधिक पडतात, आणि निबंधात त्यांचा उल्लेख नसेल तर वाचकाची दिशाभूल होते. म्हणून कोणताही निबंध वाचताना मी आधी गळालेल्या काड्यांचा हिशेब शोधतो, सरासरी नंतर पाहतो.

आणखी एक मुद्दा या धाग्याच्या विषयाशी थेट निगडित आहे. प्रयोगासाठी वापरलेले काढलेले दातही जंतुनाशकातच ठेवलेले असतात. आयएसओच्या ११४०५ या मार्गदर्शक दस्तऐवजानुसार ते ०.५ टक्के क्लोरामाइन-टी मध्ये फार तर आठवडाभर ठेवून नंतर थंड शुद्ध पाण्यात ठेवायचे असतात, आणि काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायचे असतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या दातांचे कोलॅजन आडव्या बंधांनी घट्ट होते, आणि हायपोक्लोराइटमध्ये ठेवलेल्या दातांवर काय होते ते वर आलेच आहे. म्हणजे जंतुनाशकाचा परिणाम मोजणाऱ्या प्रयोगात नमुनाच आधी दुसऱ्या जंतुनाशकात मुरलेला असू शकतो.

रानजाई

हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कोहोल, बेन्झल्कोनियम यांचे काय? आमच्याकडे खळगा पेरॉक्साइडने पुसण्याची पद्धत शिकवली जात असे.

कातळ

पेरॉक्साइडची अडचण हायपोक्लोराइटसारखीच: ऑक्सिजन मागे राहतो. दात ब्लीच केल्यावर बाँडिंगसाठी एक ते दोन आठवडे थांबायला सांगतात ते याच कारणाने. खळग्यात ते बाँडिंगच्या ऐन आधी वापरू नये.

अल्कोहोल जंतुनाशक म्हणून क्षणभराचेच काम करते, पण पाणी ओढून घेते. एचिंगनंतर डेंटीन कोरडे पडले की कोलॅजनची जाळी खाली बसते आणि रेझीनला वाट राहत नाही. ओल्या डेंटीनवर बाँड करण्याचा आग्रह १९९० नंतरच्या दशकात रूढ झाला तो यासाठीच.

बेन्झल्कोनियम क्लोराइड एमएमपी रोखते आणि काही एचंटमध्येच (एचिंगच्या आम्लातच) मिसळलेले असते, त्यामुळे वेगळी पायरी लागत नाही. याच दिशेने पुढे जाऊन १९९० च्या दशकात एमडीपीबी हा जंतुरोधक मोनोमर (रेझीनचा सुटा रेणू) तयार झाला. तो रेझीनबरोबरच पॉलिमराइज होतो, म्हणून झिरपून जात नाही आणि पॉलिमरायझेशनच्या आड येत नाही. मला वैयक्तिकरीत्या हीच वाट सर्वांत सयुक्तिक वाटते.

शांतवन

निरगुडीताई, तुमच्या तीन दातांकडे परत येतो. कॅनल भरताना युजेनॉल असलेले सीलर (कॅनलमधल्या फटी बुजवणारे सिमेंट) वापरले होते का? युजेनॉल हे फिनॉल आहे, तेही मुक्त मूलकांना पकडते. चेंबरच्या भिंतीवर त्याचा थर राहिला असेल, तर दोष एकट्या हायपोक्लोराइटचा नसेल.

निरगुडी (धागाकर्ती)

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलेत. केसपेपर काढून पाहिले: दोन दातांत युजेनॉलचे सीलर होते, तिसऱ्यात रेझीनचे. म्हणजे तिसऱ्या दातात तरी हायपोक्लोराइटवरच बोट ठेवावे लागते, आणि पहिल्या दोनांत दोन्ही कारणे एकत्र आली असावीत.

आता माझा क्रम असा राहील. हायपोक्लोराइटचे सर्व काम कॅनल भरण्याआधी संपवायचे. भरल्यानंतर चेंबरमध्ये ते पुन्हा न्यायचे नाही. सीलर पुसून, भिंतींवरचा पातळ थर बरने खरवडून ताजे डेंटीन उघडे करायचे आणि मग एचिंग करायचे. शक्य असेल तेथे गाभा त्याच बैठकीत न बांधता पुढच्या बैठकीला बांधायचा. जिवंत दातांच्या साध्या खळग्यांत टोटल-एच (आम्ल लावून धुण्याची पद्धत) करणार असेन तर २ टक्के क्लोरहेक्झिडीन एचिंगनंतर लावून टिपायचे, आणि सेल्फ-एच असेल त्या दिवशी बाटलीला हात लावायचा नाही.

रानजाई

टिपणे म्हणजे नेमके किती? मी टिपते तेव्हा एक तर चकचकीत पाणी राहते, नाही तर डेंटीन फिके पडते.

निरगुडी (धागाकर्ती)

कापसाचा बोळा आधी पाण्यात भिजवून, पिळून, जेमतेम ओलसर ठेवायचा. कोरडा बोळा पाणी वाजवीपेक्षा जास्त ओढतो. तो घासायचा नाही, फक्त टेकवून उचलायचा, आणि एअर सिरिंज बाजूला ठेवायची. दिव्याखाली आरसा तिरपा करून पाहिले की डेंटीनवर पाण्याचा थेंब दिसता कामा नये, पण पृष्ठभागावर एकसारखी मंद झळाळी राहिली पाहिजे. झळाळी एका कोपऱ्यातून जरी उडाली असेल, तर ओलसर मायक्रोब्रश तेथे टेकवून ती परत आणायची आणि मगच बाँडची बाटली उघडायची.